‘चेहरा पांढराफटक पडला’ असं लिहिण्याआधी

प्रश्न इंदूरच्याच एका तरुण वार्ताहर मुलीचा आहे. एका वॉर्डाच्या पोटनिवडणुकीची मतमोजणी तिने दिवसभर उभं राहून पाहिली आणि इथल्या मराठी वाचकांसाठी वृत्तान्त लिहिला. हरलेल्या उमेदवाराबद्दल त्यात असं होतं: ‘निकाल हाती येताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. निस्तेज डोळे, खोल गेलेली गालफडं आणि पिवळी पडलेली कांती पराभवाची कहाणी सांगत होती.’ दुसऱ्या दिवशी उमेदवाराच्या मुलाचा फोन आला. बाबांना मधे डेंग्यू झाला होता, अंथरुणातून उठून ते तडक प्रचाराला गेले होते. ती विचारते, ‘काका, मी खोटं काहीच लिहिलं नाही. चेहरा खरंच तसा होता. मग माझं चुकलं काय? आणि राजकीय बातमीत आजारी, फिकट चेहऱ्याचं वर्णन करायचंच नाही का?’

करायचं. वर्णन करूच नये असं मी तुला कधीच सांगणार नाही. मतमोजणीच्या ठिकाणी ताटकळणारा वार्ताहर जे डोळ्यांनी पाहतो ते आकड्यांच्या तक्त्यात येत नाही, आणि घरी बसलेल्या वाचकाला तेच हवं असतं. तुझी चूक दोन क्रियापदांत आहे: ‘पडला’ आणि ‘सांगत होती’.

‘पांढराफटक पडला’ याचा अर्थ आधी तसा नव्हता, निकाल ऐकला आणि तसा झाला. हा बदल तू पाहिलास का? सकाळी मोजणी सुरू व्हायच्या आधी त्यांचा चेहरा कसा होता, याची नोंद तुझ्या वहीत आहे का? नसेल, तर तू पाहिलेली गोष्ट एवढीच, की दुपारी ते फिकट दिसत होते. त्याचं कारण तू जोडलंस. वाचकाला मात्र दोन्ही एकाच दमात मिळालं आणि त्याने दोन्हीवर सारखाच विश्वास ठेवला. ‘पराभवाची कहाणी सांगत होती’ यातही तेच झालं. कांती काही सांगत नव्हती, निकाल तुला ठाऊक होता म्हणून तू ती तशी वाचलीस. तोच माणूस तीनशे मतांनी जिंकला असता तर तू त्याच चेहऱ्यावर ‘अहोरात्र केलेल्या मेहनतीचा शीण’ लिहिला असतास. मी लिहिला आहे, म्हणून सांगतो.

आता शब्दांकडे येतो, कारण आपल्याकडे घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत चेहऱ्याच्या रंगाचे जेवढे शब्द आहेत त्यातले बहुतेक शरीराबद्दल बोलता बोलता मनाबद्दल आणि नशिबाबद्दल निकाल देऊन मोकळे होतात. चेहरा पडतो तो हिरमोडाने. तोंडचं पाणी पळतं ते भीतीने. काळाठिक्कर पडतो तो धसक्याने किंवा अपमानाने. तोंड सुकतं ते काळजीने, उपाशी राहिल्याने किंवा उन्हाने. ‘निस्तेज’ तर वर्णन कमी आणि शेरा जास्त आहे, कारण तेज ही आपल्याकडे कर्तृत्वाची गोष्ट मानली जाते. एखाद्या पुढाऱ्याला निस्तेज म्हटलं की त्याचं राजकारण संपलं असंच वाचक ऐकतो. ही सांगड फार जुनी आहे. महाभारतात व्यासांचं रूप पाहून अंबालिका भयाने फिकी पडली, म्हणून तिचा मुलगा पांडुवर्ण जन्मला आणि त्याचं नावच पांडू झालं. आयुर्वेदातही पांडुरोग वेगळा आणि कामला, म्हणजे कावीळ, वेगळी. भीतीचा फिकटपणा, रक्ताच्या उणिवेचा फिकटपणा आणि काविळीचा पिवळेपणा या तीन निराळ्या गोष्टी आहेत हे आपल्या पूर्वजांना पक्कं माहीत होतं. तुझ्या दोन वाक्यांत तिन्ही एकत्र आल्या आहेत. चेहरा पांढराफटकही आहे आणि कांती पिवळीही आहे. तू नेमका कोणता रंग पाहिलास?

आणखी एक बारीक गोष्ट. गालफडं खोल जात नाहीत, ती बसतात. खोल जातात ते डोळे. मला यात व्याकरणाची चूक काढायची नाही. पण वाक्य असं उलटसुलट झालं, की ते डोळ्यांसमोरच्या माणसावरून न येता आधी वाचलेल्या वाक्यांवरून आलं, असं मी समजतो. समोर बसलेली गालफडं असती तर हात आपोआप ‘बसलेली’ लिहून गेला असता.

इंदूरमध्ये आपल्याला एक जास्तीची अडचण आहे. दिवसभर आपण हिंदी ऐकतो, हिंदी पत्रकं वाचतो, हिंदी बातमीदारांच्या शेजारी उभे राहतो आणि संध्याकाळी मराठीत लिहितो. हिंदीत ‘चेहरा पीला पड़ गया’ म्हटलं की भीतीने रंग उडाला. मराठीत ‘पिवळा पडला’ म्हटलं की वाचक आधी विचारतो, कावीळ झाली का हो? ‘चेहरे पर हवाइयाँ उड़ना’ मराठीत आणताना मी ‘चेहऱ्यावर हवाया उडत होत्या’ असंही छापलेलं पाहिलं आहे. ‘लाल-पीला होना’ म्हणजे संतापणं, त्याचं ‘ते लाल-पिवळे झाले’ करून ठेवतात, आणि बिचारा संतापलेला पार्षद, म्हणजे नगरसेवक, मराठी वाचकाला आजारी वाटतो. तुझी ‘पिवळी पडलेली कांती’ याच वाटेने आली असावी असा मला दाट संशय आहे. तू दिवसभर आजूबाजूला ‘पीला पड़ गया’ ऐकलं असशील. ऐकलेल्या शब्दाने पाहिलेला रंग झाकला जातो.

माझी गोष्ट सांगतो, कारण ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नव्वदच्या दशकातली नगर निगमची निवडणूक. तेव्हा मतपत्रिका होत्या आणि मोजणी रात्र रात्र चालायची. मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो. मोजणीच्या जागी आमचा वार्ताहर आणि छायाचित्रकार होते, मी टेबलावर. रात्री दोनच्या सुमारास अंधाऱ्या खोलीतून ओला फोटो आला. जिंकलेला आणि हरलेला उमेदवार शेजारी उभे. फोटो कृष्णधवल. जिंकलेल्याचा चेहरा गडद, हसरा. हरलेल्याचा चेहरा कागदासारखा पांढरा, डोळ्यांखाली काळं. मी फोटोखाली ओळ लिहिली, पराभवाने पांढरे फटक पडलेले अमुक. पान गेलं.

त्यांच्या पत्नी तिसऱ्या दिवशी कार्यालयात आल्या. मराठी घरातल्या बाई, आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, ‘भाऊ, हरल्याचं आम्हाला काही नाही. त्यांना टायफॉइड झाला होता. लोकांना सांगितलं नव्हतं, कारण मग मतं कोण देणार. तुम्ही ते घाबरले असं लिहिलंत. ते घाबरले नव्हते हो.’ मी छायाचित्रकाराला बोलावलं. त्याने फोटो पाहिला आणि जे सांगितलं ते मी त्या रात्री विचारायला हवं होतं. फ्लॅश त्याने हरलेल्या उमेदवाराच्या बाजूने, जवळून मारला होता. आणि जिंकलेल्याच्या तोंडावर कार्यकर्त्यांनी गुलाल थापला होता. कृष्णधवल फोटोत गुलाल करडा, गडद उमटतो. एकाच्या चेहऱ्यावर रंगाचा थर, दुसऱ्याच्या उघड्या चेहऱ्यावर झगझगीत प्रकाश. पांढरा दिसणार नाही तर काय होणार? मी जो माणूस पाहिलाच नव्हता त्याच्या मनाची अवस्था मी फ्लॅशवरून लिहिली होती.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही. ‘तब्येत साथ देत नाही’ असं कारण गावात फिरत होतं. माझ्या एका ओळीमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. पण त्या ओळीने त्या बोलण्याला टेकू मिळाला, हे मला माहीत आहे.

गुलालाची ही गोष्ट तू कायमची लक्षात ठेव, कारण ती रंगीत फोटोतही तशीच घडते. मतमोजणीच्या दिवशी जिंकलेल्याला गुलाल, हार, ढोल, भोवती लाल-केशरी गर्दी. हरलेला त्याच्याशी हात मिळवायला येतो तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला, उघडा. शेजारच्या रंगाने तो फिका दिसतो. आपल्या इंदूरला हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १९२७ साली इथे निघालेल्या चित्रकला शाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे आणि हुसेन शिकले. त्या परंपरेतल्या एका वृद्ध चित्रकला शिक्षकांना मी एकदा विचारलं होतं, की आजारी माणसाचा चेहरा रंगवताना कोणता रंग घ्यावा. ते म्हणाले, ‘चेहऱ्याला कोणताही घे. त्याच्या मागे काय आहे ते आधी सांग.’ मागचा पडदा हिरवा केला तर तोच चेहरा तांबूस दिसतो आणि मागे लाल भडक लावलं तर त्याच चेहऱ्यातलं रक्त आटल्यासारखं वाटतं.

मंडपाचं कापडही असंच. दुपारच्या उन्हात पिवळ्या शामियान्याखाली बसलेले सगळेच पुढारी काविळीचे रोगी दिसतात. हिरव्या कापडाखाली तर प्रत्येकाला मळमळतंय असं वाटतं. तुझ्या फोनचा कॅमेरा रंगाचा अंदाज स्वतःच बांधतो. बाहेर दिवसाचा प्रकाश, आत पिवळे दिवे, अशी सरमिसळ असली की त्याचा अंदाज चुकतो आणि कुणीतरी एक उगीच निळसर किंवा फिकट होतो. म्हणून एक सवय लाव. चेहऱ्याचा रंग लिहावासा वाटला की आधी त्याच माणसाचा पांढरा सदरा बघ. सदराही पिवळट दिसत असेल तर पिवळेपणा मंडपाचा आहे. मग शेजारी बसलेल्या दोघांचे चेहरे बघ. मग तो माणूस उन्हात, उघड्यावर आला की पुन्हा बघ. तीन ठिकाणी तोच रंग दिसला तर वहीत लिही. एरवी सोडून दे.

डॉक्टरसुद्धा तोंडाकडे दुरून बघून रक्त कमी आहे असं म्हणत नाहीत. खालची पापणी ओढून आतला भाग बघतात, जीभ बघतात, नखं आणि तळहात बघतात. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर फिकटपणा सहज ओळखू येत नाही, म्हणून तर हे करावं लागतं. काविळीला डोळ्यांचा पांढरा भाग बघतात, आणि तोही दिवसाच्या उजेडात, कारण पिवळ्या दिव्याखाली सुरुवातीची कावीळ हमखास नजरेतून सुटते. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, एरवी दर डेसिलिटरला साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असतं, ते दोन-तीनच्या घरात गेल्यावर डोळे पिवळे दिसू लागतात. म्हणजे तज्ज्ञाला पापणी ओढून, उजेडात नेऊन जे ठरवावं लागतं ते आपण बॅरिकेडच्या अलीकडून, तीस फुटांवरून ठरवतो आणि छापतो. ‘पांढराफटक’ हा शब्द तर सावळ्या माणसाला अक्षरशः लागूच पडत नाही. तो नुसता ठोकळा आहे, आणि ठोकळा लिहिला की माणूस पाहायचा राहून जातो.

जगाच्या राजकारणात या चुकीचं सगळ्यात मोठं उदाहरण एकाच व्यासपीठावर घडलं. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवर झालेली पहिली वादफेरी. सुमारे ७ कोटी लोकांनी ती पाहिली. निक्सन फिकट, ओढलेले, घामाघूम दिसले. केनेडी रापलेले, तजेलदार. तेव्हापासून आजपर्यंत ही गोष्ट ‘आजारी आणि निरोगी चेहऱ्याचा सामना’ म्हणून सांगितली जाते. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले, असं तिच्यात वर जोडतात. त्याचा पुरावा मात्र कच्चा आहे, तेव्हा ते डोळे मिटून उद्धृत करू नकोस.

खरं काय होतं? निक्सन यांचा गुडघा ऑगस्टमध्ये मोटारीच्या दारावर आपटला होता, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि ते जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात होते. वजन उतरलं होतं, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. त्यांनी नीट रंगभूषा करून घेतली नाही, दाढीचे खुंट झाकायला दुकानात मिळणारी एक पावडर तेवढी लावली. करडा सूट घातला आणि मागची भिंतही करडीच. थोडक्यात, एक बरा होत आलेला माणूस वाईट उजेडात उभा होता. आणि केनेडी? त्यांना १९४७ साली ॲडिसनचा विकार असल्याचं निदान झालेलं होतं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी नीट काम करत नाहीत, आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात, असा हा गंभीर आजार. त्या आजारात त्वचेचा रंग गडद, तांबूस-काळपट होतो. केनेडी उन्हातही फिरले होते हे खरं, पण ज्या रंगाला लोक तब्येतीची झळाळी समजत होते त्या रंगात रोगाचाही वाटा असू शकत होता. प्रचाराच्या काळात त्यांच्या माणसांनी हा आजार नाकारलाच होता. त्या रात्री चेहरे वाचून ज्यांनी लिहिलं त्यांनी दोन्ही माणसं उलटी वाचली. फिकट होता तो बरा होणार होता आणि तजेलदार होता तो कायमचा रोगी होता. मी नव्या मुलांना हे उदाहरण दरवेळी देतो. त्याहून चांगलं मला दुसरं सापडलेलं नाही.

याचा अर्थ पुढाऱ्याचं आजारपण ही बातमी नव्हे, असा घेऊ नकोस. ती मोठी बातमी असते. फक्त ती चेहऱ्यावरून लिहायची नसते. फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू यांचा चेहरा १९७३ मध्ये औषधांनी सुजलेला सगळ्या जगाला दिसत होता आणि सरकारी निवेदनात फ्लू असल्याचं सांगितलं जात होतं. २ एप्रिल १९७४ रोजी ते पदावर असतानाच रक्ताच्या विकाराने गेले. त्यानंतरचं उदाहरण आणखी बोलकं. फ्रान्सच्याच मितराँ यांनी अध्यक्ष झाल्यावर दर सहा महिन्यांनी प्रकृतीचं पत्रक काढायचं वचन दिलं आणि काढलंही. १९८१ च्या अखेरीसच त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं कळलं होतं. लोकांना ते कळलं १९९२ मध्ये. मधली सगळी पत्रकं खोटी होती. एकाचा चेहरा बोलत होता तेव्हा कागद खोटा होता, दुसऱ्याचा चेहराही गप्प आणि कागदही खोटा. वार्ताहराने अशा वेळी विशेषणं न शोधता डॉक्टर, कामाच्या नोंदी, रद्द झालेल्या बैठका, सह्या यांच्या मागे लागायचं असतं.

आपल्या जवळचं उदाहरण मनोहर पर्रीकरांचं. गोव्याच्या सरकारने त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याआधी कित्येक महिने फोटोंवरून अंदाज चालले होते. डिसेंबरमध्ये ते मांडवीवरच्या पुलाचं काम पाहायला आले तेव्हा नाकात नळी होती. ३० जानेवारी २०१९ ला त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, तोही नाकात नळी असतानाच. १७ मार्चला ते गेले. ‘नाकात नळी होती’ ही ओळ बघ. तिच्यात एकही विशेषण नाही. ती वाचून एकाच्या डोळ्यांत पाणी येईल, दुसरा विचारेल की असा माणूस राज्य कसं चालवणार. दोघांनाही आपापलं मत बनवायला जागा राहिली. ‘मृत्यूच्या छायेतला पांढुरका चेहरा’ लिहिलं असतं तर ती जागा वार्ताहरानेच बळकावली असती. आणि ‘राज्य कसं चालवणार’ या प्रश्नाचं उत्तर चेहऱ्यात नव्हतंच. खाती कुणाकडे आहेत, मंत्रिमंडळाच्या बैठका कुठे होतात, फायली कोण पाहतं, हे शोधण्याचं काम होतं.

पद सोडलेल्या माणसाचं आजारपण मात्र त्याचं स्वतःचं. ग्वाल्हेरचे अटलजी २००९ नंतर लोकांसमोर आले नाहीत. २७ मार्च २०१५ रोजी राष्ट्रपतींनी त्यांच्या घरी जाऊन भारतरत्न दिलं तेव्हा प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात त्यांचा चेहरा मानपत्राच्या आड होता. तेव्हा काहींनी त्यावर टीका केली. मला स्वतःला ते योग्यच वाटलं. ज्या माणसाच्या हातात सत्ता उरलेली नाही त्याचं थकलेलं तोंड पाहण्याचा हक्क मला कुणी दिला?

तुझा उमेदवार या दोन्हींच्या मधला आहे. निवडून आला असता तर उरलेली मुदत वॉर्डाचं काम करू शकेल का, हा प्रश्न मतदाराचा होता आणि तो मतदानाआधी, त्यांना थेट विचारूनच मांडायला हवा होता. हरल्यावर डेंग्यूशी लोकांना काय करायचं आहे?

कायद्याचं थोडक्यात. एखाद्याचं शरीर किळसवाण्या किंवा लज्जास्पद समजल्या जाणाऱ्या अवस्थेत आहे असा समज पसरवणं हेही अब्रूनुकसानीच्या व्याख्येत येतं. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या स्पष्टीकरणात ते होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. नुसता ‘फिकट दिसले’ असा उल्लेख तिथपर्यंत जात नाही, पण ‘रोगट’ लिहिताना हे डोक्यात असू दे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं आहे, आणि प्रकृती ही त्यातली अगदी आतली गोष्ट.

बायकांच्या बाबतीत तर दुप्पट जपून लिही. आपल्या इंदूरने सुमित्राताई महाजनांना १९८९ पासून आठ वेळा लोकसभेत पाठवलं. इतक्या वर्षांत ‘ताई आज थकलेल्या वाटल्या’ असं लिहिणारे मी खूप पाहिले. त्याच व्यासपीठावर तितक्याच वयाचे, तितकेच फिरलेले पुरुष बसलेले असत, त्यांच्या थकव्याची ओळ क्वचितच दिसे. ‘काळवंडलेला चेहरा’ हाही असाच शब्द. आपल्याकडे सावळ्या रंगाबद्दल मनात जी खोट आहे ती त्यात अलगद शिरते. मी तो वापरणं सोडून दिलं आहे.

आता तुझा परिच्छेद. तुझ्या वहीत काय आहे ते मी फोनवर विचारलं होतं, त्यावरून मी असा लिहिला असता:

‘चौथ्या फेरीचा आकडा लागला तेव्हा ते दुसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर होता, बाहेर कडक ऊन असतानाही. आकडा ऐकून त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या कार्यकर्त्याकडून पाण्याची बाटली मागून घेतली. विजयी उमेदवार हात मिळवायला आले तेव्हा ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. ते थकलेले दिसत होते. गेल्या महिन्यात त्यांना डेंग्यू झाला होता, असं त्यांच्या मुलाने सांगितलं.’

शेवटचं वाक्य कुटुंबाची संमती असेल तरच. संमती नसेल तर ‘थकलेले दिसत होते’ यावर थांबायचं आणि त्याला कारण जोडायचं नाही. ‘दिसत होते’ हे दोन शब्द आपल्या धंद्यात फार मोलाचे आहेत. ‘होते’ लिहिलं की तू त्यांच्या शरीराची हमी घेतलीस, ‘दिसत होते’ लिहिलं की फक्त तुझ्या डोळ्यांची. स्वेटर, बाटली, खुर्चीचा हात, हे सगळं तू पाहिलेलं होतं, वहीत होतं, आणि तरी वृत्तान्तात नव्हतं. त्यांची जागा तू पांढऱ्याफटकाला देऊन टाकलीस, याचं मला जास्त वाईट वाटलं. स्वेटर दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता.

राहिली चूक निस्तरायची गोष्ट. आधी त्यांच्या घरी जा, फोनवर नको. संध्याकाळी पाचनंतर जा, आजारातून उठलेला माणूस दुपारी झोपतो. मुलाशी न बोलता त्यांच्याशी बोल आणि आजाराचा उल्लेख छापलेला चालेल का हे त्यांनाच विचार. ते ‘नको’ म्हणाले तर शुद्धिपत्रात डेंग्यू अजिबात येता कामा नये, नाहीतर एक चूक सुधारताना दुसरी होईल. मग एवढंच लिही: ‘मतमोजणीच्या वृत्तान्तात उमेदवारांच्या चेहऱ्याचं जे वर्णन केलं होतं आणि त्याचा संबंध पराभवाशी जोडला होता, त्याला आधार नव्हता. ते वर्णन मागे घेत आहोत.’ मूळ वृत्तान्त ज्या पानावर, ज्या जागी होता, त्याच पानावर आणि त्याच जागी हे आलं पाहिजे. संपादक कोपऱ्यात टाकायला बघतील. त्यांना माझं नाव सांग, मी बोलतो त्यांच्याशी.